घर, घरटे आणि कवाड : मराठीतील तीन पक्षिरचनांचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात बहिणाबाई चौधरी यांची 'खोपा' ही कविता शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, सुगरणीचा खोपा तर नर विणतो. आमच्या विहिरीवर दरवर्षी पाहतो मी. मग कविता चुकली का?" कवितेतील सत्य आणि शास्त्रातील सत्य यांच्या पातळ्या वेगळ्या असतात, हे ठरलेले उत्तर मी दिले. वर्गाचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. त्या मुलाने पक्षी पाहिला होता आणि मी केवळ कविता वाचली होती, ही गोष्ट त्या उत्तराने झाकली गेली, इतकेच. प्रस्तुत लेखाचा उगम त्या अवघडलेपणात आहे.

मराठी समीक्षेने साहित्यातील पक्ष्यांकडे बहुधा प्रतिमा, प्रतीक, रूपक या तीन खिडक्यांतून पाहिले आहे. पक्षी दिसला की तो कशाचे प्रतीक आहे, हा आपला पहिला प्रश्न असतो. तो कोणता पक्षी आहे, कोठे घरटे करतो, माणसाच्या किती जवळ येतो, हे प्रश्न वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे सोपवून आपण मोकळे होतो. या श्रमविभागणीमुळे साहित्यकृतीचेही काही नुकसान होते, असे माझे मत आहे. ते तपासण्यासाठी येथे तीन रचना घेतल्या आहेत : 'लीळाचरित्रा'तील काउळा आणि साळै यांची कथा, बालकवींची 'पारवा' ही कविता आणि बहिणाबाईंची 'खोपा'. तिन्हींत पक्ष्याचे घर माणसाच्या घराशेजारी किंवा त्याच्या मोडतोडीत उभे आहे. त्यांच्या जोडीला सलीम अली यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) हे इंग्रजी आत्मचरित्र ठेवले आहे. मुंबई आणि किहीम येथील घराच्या परिसरातील घरट्यांचे अनुभव त्यात आले असल्याने ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

विषयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचा विचार येथे केलेला नाही. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा निसर्गलेखनाला मराठीच्या मुख्य दालनात जागा मिळाली. परंतु त्यांचा पक्षी प्राधान्याने रानातला आहे. या लेखाचा विषय आपल्या वळचणीला, आढ्याला, विहिरीच्या काठाला येणारा पक्षी हा आहे.

काउळा, साळै आणि कवाड

काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, ही गोष्ट मराठी मुलाला जवळजवळ दुधासोबत मिळते. तिचा एक जुना लिखित आधार तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त, म्हाइंभटांनी संकलित केलेल्या चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये सापडतो, हे मराठीच्या प्राध्यापकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र त्या कथेत चिमणी नाही, 'साळै' आहे. साळै म्हणजे साळुंकी, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. मधल्या शतकांत केव्हातरी मौखिक परंपरेने साळुंकीला बाजूस सारून तिच्या जागी चिमणी आणली. हा बदल का झाला असावा, याची चर्चा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही.

माझे अनुमान असे आहे. साळुंकी घराच्या भिंतीतील भोकात घरटे करते, परंतु वावरते ती अंगणात आणि गुराढोरांच्या पायांत. चिमणी मात्र थेट माजघरात येते. फोटोच्या मागे, तुळईवर, दिव्याच्या कोनाड्यात काड्या आणून टाकते आणि आरशावर चोच मारते. कथा सांगणारी आई ज्या खोलीत बसली आहे, त्याच खोलीत कथेतील पात्र हजर असते. मुलाला भरवताना एक घास चिऊचा, एक काऊचा म्हणण्याची रीत आणि ही कथा एकाच उंबऱ्यावर नांदतात. साळुंकीपेक्षा चिमणी त्या उंबऱ्याच्या अधिक आत होती, म्हणून कथेत तिची जागा पक्की झाली असावी.

आता कथेतील वास्तुशास्त्र पाहू. कावळ्याचे घरटे शेणाचे नसते. ते झाडाच्या दुबेळक्यात काटक्यांचे, आणि शहरांत तर तारांचेही असते. चिमणीच्या घरट्यात मेणाचा अंश नसतो. दोन्ही द्रव्ये माणसाच्या घरातून घेतली आहेत आणि त्यांच्याद्वारे माणसाचीच दोन घरे उभी केली आहेत : पावसात वाहून जाणारे गरिबाचे घर आणि न भिजणारे सुस्थिताचे घर. त्यात भर म्हणून कवाड आले. पक्ष्याच्या घरट्याला कवाड नसते. मग कथेचा सारा ताण ज्या कवाडावर उभा आहे, ते आले कोठून? ते आपल्या वाड्यांतून आले आहे. बाळाला न्हाऊ घालते आहे, तीट लावते आहे, अशा सबबी सांगत दार न उघडणारी चिऊ ही शेजारधर्म टाळणाऱ्या सुगृहिणीचे अचूक चित्र आहे. गोष्ट ऐकवताना आपण तिला शहाणी ठरवतो आणि कावळ्याला आगंतुक. हा संस्कार आपण इतक्या लहान वयात करतो, याचे मला अलीकडे नवल वाटते.

येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. आपल्या परिसरात घरट्याचे दार खरोखर बंद करणारा पक्षी आहे, तो म्हणजे धनेश. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून आपल्याच विष्ठेने तोंड लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी राहते आणि तिच्यातून नर तिला भरवतो. म्हणजे कवाड लावून घेणारे घर 'शेणाचे'च निघाले. उलट कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालून जाते आणि कावळ्याची जोडी ते पिलू वाढवते. कोकिळेला 'परभृत' म्हणणाऱ्या संस्कृत कवींना हे ठाऊक होते. लोककथेने ज्याला दाराबाहेर भिजत उभे केले, त्याच्याच घरात परक्याचे लेकरू वाढते. या माहितीने कथा खोटी ठरत नाही. कथेतील घरे, द्रव्ये आणि दारे माणसाची आहेत, हे उघड होते. कथा पक्ष्यांविषयी काहीच सांगत नाही, आपल्याविषयी मात्र बरेच सांगते. तिच्याकडे निसर्गप्रेमाचा पहिला पाठ म्हणून पाहणे मला मान्य नाही.

धर्मशाळेच्या कौलांवरील पारवा

त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी (१८९०–१९१८) यांचा जन्म धरणगावचा आणि मृत्यू भादली स्थानकाजवळचा. खानदेशातील उन्हाळ्याची दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला 'पारवा' ही कविता कोणत्या हवेत लिहिली गेली हे सांगावे लागत नाही. खचलेली भिंत, कललेला खांब, उद्ध्वस्त धर्मशाळा, तिच्या कौलांवर बसलेला एकटा पारवा आणि त्याचे खिन्न, एकसुरी गाणे. सूर्य माथ्यावर, आकाशात घार फिरते आहे, पानांच्या सावलीत बाकीचे पक्षी झोपले आहेत. उदासीनतेचे काव्य म्हणून या कवितेची चर्चा पुष्कळ झाली आहे. बालकवींच्या उत्तरकाळातील निराशा, जगाच्या दुःखाची जाणीव, कवितेत येणारा बुद्धाचा उल्लेख या अंगांनी ती वाचली गेली, आणि ते वाचन चुकीचे नाही.

परंतु कवितेतील निरीक्षण किती काटेकोर आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मध्यान्हीला रान गप्प होते आणि त्या शांततेत पारव्याचे घुमणे तेवढे चालू राहते, हे कोणत्याही जुन्या मंदिराच्या आवारात आजही पडताळता येते. घार घिरट्या घालते तीही दुपारच्या तापलेल्या हवेच्या आधारानेच. कवीच्या कानाने आणि डोळ्याने चूक केलेली नाही. अर्थ मात्र त्याने आपला लावला आहे. पारव्याचे घुमणे हे मुख्यतः नराचे प्रियाराधन असते आणि घरट्याच्या जागेवर हक्क सांगण्याचा तो एक प्रकार असतो. कवीला जे एकांतगीत वाटले, ते बहुधा जोडीदारीणीला दिलेले आमंत्रण होते. पारव्याचे पूर्वज कड्यांच्या कपारींत राहत. माणसाने दगडाविटांच्या इमारती बांधल्या तेव्हा त्यांना नवे कडे मिळाले. खचलेली भिंत ही माणसाच्या दृष्टीने पडझड आहे, पारव्याच्या दृष्टीने तयार कपार. तेथे चार काड्या टाकून दोन अंडी घालायची, नर-मादीने आळीपाळीने उबवायची, सतरा-अठरा दिवसांत पिले बाहेर आली की अन्नपिशवीतील दुधासारखा स्राव त्यांना पाजायचा, असा तो भरलेला संसार असतो. प्रवासी निघून गेले तेव्हा ती धर्मशाळा ओस पडली नाही. तिच्यातील मुक्कामकरी बदलले.

मग कविता भ्रमावर उभी आहे काय? नाही, आणि याचे कारण कवितेतच आहे. शेवटाकडे कवी 'माझे जग' आणि 'तुझे जग' असा भेद स्वतःच करतो. आपल्या जगात उष्ण वारे फिरत आहेत आणि पारव्याला त्यांची जाणीवही नाही, हे तो कबूल करतो. म्हणजे आपली खिन्नता पक्ष्याची नव्हे, हे भान कवीला होते. ते त्याच्या समीक्षकांना कमी होते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. पक्ष्याचे पक्षीपण माहीत असल्यास शेवटच्या त्या कबुलीचे वजन वाढते. दोन जगे एकाच कौलावर भेटतात आणि एकमेकांना कळत नाहीत, ही त्या कवितेची खरी वेदना आहे. केवळ 'उदास कवीची उदास कविता' म्हटल्याने ती हाती लागत नाही.

आज हाच पारवा शिकवताना वर्गात वेगळीच अडचण येते. विद्यार्थी शहरातील असेल तर त्याच्या मनात पारव्याचा संबंध खिन्नतेशी नसतो. तो खिडकीला लावलेल्या जाळीशी, वातानुकूलन यंत्राच्या मागे साचलेल्या घाणीशी आणि फुप्फुसांच्या आजाराशी असतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याच्या कारवाईवरून २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये वाद पेटला. दादर येथे आंदोलन झाले आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूला भूतदया आणि श्रद्धा, दुसऱ्या बाजूला श्वसनाचे विकार, असा तो सामना होता. दोन्ही बाजूंनी पारव्याचा विचार अखेर माणसाच्याच संदर्भात झाला : पुण्य मिळवून देणारा किंवा रोग देणारा. मूठभर दाणे टाकून पुण्य जोडणे म्हणजे पक्ष्यासोबत राहणे नव्हे, असे माझे मत आहे. अशा दाण्यावर एकाच जातीची संख्या फुगते आणि तिचा त्रास पुन्हा त्या जातीच्याच माथी मारला जातो. आरोग्याचा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि ज्या इमारतीत पारव्याला बारा महिने कपारी मिळतात, ती इमारत आपणच बांधली आहे, हे त्या वादात क्वचितच ऐकू आले.

'खोपा' : विणणारा कोण?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे. सुगरणीचा खोपा नरच विणतो. पावसाळा सुरू झाला की पिवळ्या टोपीचे नर विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला गवताच्या आणि पात्यांच्या धाग्यांनी विणकाम सुरू करतात. खोपा अर्धा, शिरस्त्राणासारखा, झाला की माद्या येऊन तपासणी करतात. पसंत पडला तर जोडी जमते, नर उरलेले काम आणि लांब नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याला लागतो. पसंत पडला नाही तर तो अर्धा खोपा तसाच लोंबकळत राहतो. अंडी उबवणे आणि पिलांना चारणे हे बहुतांशी मादीचे काम. नर एकाच हंगामात एकाहून अधिक माद्यांशी संसार करतो, हे सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीम येथील निरीक्षणांतून तपशिलाने मांडले.

भाषेने मात्र त्या पक्ष्याचे नावच स्त्रीलिंगी ठेवले : सुगरण. स्वयंपाकात निपुण असलेल्या स्त्रीचा शब्द विणकाम करणाऱ्या नरावर चढवला गेला आणि कसब म्हणजे गृहिणीचे, हा समज त्या नावात कायम झाला. बहिणाबाईंनी ते नाव रूढीतून घेतले. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाली. त्यानंतर 'खोपा' ही मातृत्वाची आणि कष्टाळूपणाची कविता म्हणून पाठ्यपुस्तकांतून घरोघरी गेली. मार्गदर्शिकांत 'सुगरण – एक पक्षी' एवढाच शब्दार्थ आढळतो. 'एक पक्षी' या दोन शब्दांत आपल्या अध्यापनाची सारी कुचराई सामावली आहे.

कविता पुन्हा वाचली की दिसते ते असे. खोप्याच्या पोताला बहिणाबाईंनी वाळलेल्या गिलक्याच्या कोशाची उपमा दिली आहे. गिलके वेलावर वाळवून त्याची जाळी ज्याने हातात घेतली आहे, त्याला या उपमेची अचूकता कळेल. तोच तपकिरी रंग, तीच आडवीउभी गुंतलेली धाग्यांची वीण, तसेच हलके आणि चिवट. ही उपमा सुगरणीच्या घरट्याजवळ प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय सुचत नाही. पुढे चोचीचा उल्लेख येतो. दात तेच, ओठ तेच, अवजारही तेच. माणसाला दोन हात आणि दहा बोटे असूनही त्याला हे कसब साधले नाही, असा टोला येतो. या साऱ्या भागात विणणारा नर की मादी हा प्रश्न कवितेच्या आड येत नाही, कारण तिथे बहिणाबाई कामाकडे पाहत आहेत. जिथे जीव पिलांत गुंतल्याचे आणि तो झाडाला टांगल्याचे त्या म्हणतात, तिथे मात्र मादी अपरिहार्य आहे, आणि तिथे पक्षिशास्त्रही त्यांच्या बाजूला आहे. नळीतून दिवसभर ये-जा करून पिले वाढवणारी मादीच असते.

म्हणून 'कविता चुकली का?' याचे उत्तर आज मी असे देईन. विणणारा आणि वाढवणारी या दोघांना नावाच्या लिंगाने एक केले आहे. बहिणाबाईंनी दोघांची कामे नीट पाहिली आणि एका देहात ठेवली. ज्यांच्या आयुष्यात घर उभे करणे आणि लेकरे वाढवणे ही दोन्ही कामे तरुणपणी आलेल्या वैधव्यामुळे एकाच बाईच्या माथी आली होती, त्यांनी असे पाहावे यात आश्चर्य नाही. ही चरित्रात्मक जोडणी मी सावधपणेच करतो. चरित्राच्या किल्लीने प्रत्येक कवितेचे कुलूप उघडण्याची आपली सवय मला आवडत नाही. पण येथे तिला टाळणे अधिक अप्रामाणिक ठरेल.

आणखी एक शब्द विचारात घेण्याजोगा आहे. या झुलत्या घराला कवितेत 'बंगला' म्हटले आहे. खेड्यातील धाब्याच्या घरात राहणाऱ्या बाईने पक्ष्याच्या घराला साहेबाच्या घराचा शब्द दिला. चिऊच्या मेणाच्या घराप्रमाणे येथेही मानवी घराची प्रतवारी आलीच. फरक एवढा की, या बंगल्याला कवाड नाही.

बंदूक, मचाण आणि घरातील पंखा

'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात सलीम अली (१८९६–१९८७) यांनी बालपणातील एक टिपण दिले आहे. दहाएक वर्षांच्या या मुलाला छर्‍याची बंदूक मिळाली होती. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला आणि तोही खिळ्यावर बसला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा पहारेकरी हजर झाला. हे सारे त्याने लिहून ठेवले. पुढे १९०८ च्या सुमारास मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे गेला आणि तिथून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली, हा प्रसंग सर्वपरिचित आहे.

तबेल्यातील आठ नरांचा प्रसंग मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा मुली अस्वस्थ झाल्या. मीही झालो होतो. पण या अस्वस्थतेत एक गोष्ट निसटते. आपल्या लोककथांना आणि कवितांना जे कधीही दिसले नव्हते, ते या निर्दय मुलाला दिसले. चिमणीच्या त्या एका भोकाबाहेर जोडीविना राहिलेल्या नरांची रांग आहे, म्हणजे घरट्यायोग्य जागा थोड्या आणि उमेदवार फार आहेत, हे. पुढे किहीमला हाच माणूस नोकरीविना होता. संग्रहालयातील त्याची जागा रद्द झाली होती. राहत्या घराच्या जवळ सुगरणींची वसाहत होती आणि तो मचाण बांधून पावसाळाभर ती पाहत बसला. यावेळी बंदूक नव्हती. माझ्या मते त्या आत्मचरित्रातील खरा प्रवास तबेल्यापासून मचाणापर्यंतचा आहे. जगभराच्या मोहिमांची वर्णने त्यापुढे मला दुय्यम वाटतात. पाहण्याची भूक तीच राहिली, पण पाहण्यासाठी मारावे लागत नाही हे कळले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे याचाही समावेश केला आहे. कायद्याची भाषा कोरडी असते, तरी या एका कलमाला मी ललित गद्याइतकेच मानतो. घरट्याला धक्का देणे म्हणजे शिकार, असे म्हणण्यापर्यंत आपल्या कवितेची मजल गेलेली नाही. मी पूर्वी ज्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो, तेथे मूल्यांकन समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात पोर्चच्या छताखालची भिंगऱ्यांची मातीची घरटी बांबूने पाडली गेली. काहींत पिले होती. भिंती रंगवायच्या होत्या. त्या दिवशी मी वर्गात 'पारवा'च शिकवत होतो आणि बाहेर जाऊन कोणाला काही बोललो नाही. ही गोष्ट येथे लिहिण्याचे कारण एवढेच की, साहित्याच्या अध्यापकाने निसर्गकवितेवर बोलताना आपण कोठे उभे होतो हे सांगावे.

याच्या उलट एक आठवण घरची आहे. आमचे घर धाब्याचे होते आणि तुळई व किलचणाच्या फटींत चिमण्या असत. वीज आली, तिच्यामागून छताचा पंखा आला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात दोन चिमण्या पात्याला लागून मेल्या. त्यानंतर वर पिले असतील तोवर आजी पंखा लावू देत नसे. मे महिन्यातील खानदेशात हा त्याग किरकोळ नव्हे. आजोबा चिडत, आम्ही मुले ओसरीवर झोपत असू. आजीला चिमणीच्या वर्तनाविषयी काही ठाऊक नव्हते. माणसाचा हात लागलेल्या पिलाला चिमणी टाकून देते, ही समजूत ती खरीच मानत असे, जी पक्षितज्ज्ञ मानत नाहीत. सलीम अलींनी आठ नर मारून चिमणी जाणली. आजीने काहीही न जाणता पंखा बंद ठेवला. या दोहोंतील एकाची निवड मला करता आलेली नाही.

चिमणीचे शोकगीत

अलीकडील मराठी कवितेत आणि विशेषतः नियतकालिकांच्या पानांवर 'चिमण्या हरवल्या' हा विषय इतका वाढला आहे की त्याचा एक स्वतंत्र संकेतव्यूह झाला आहे. अंगण, आजी, तांदळाचे दाणे, आणि मग मोबाइलचा मनोरा. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो आणि २०१२ मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केले. त्यानंतर या शोकगीतांना ठरावीक मुहूर्तही मिळाला. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२० चा अहवाल मात्र सांगतो की देशभराचा विचार करता चिमणीची संख्या स्थूलमानाने स्थिर आहे, घट प्रामुख्याने मोठ्या महानगरांत आहे. म्हणजे चिमणी नाहीशी झालेली नाही. जिथे कवी राहायला गेला, तिथे ती नाही.

याचा अर्थ शोक खोटा आहे, असा नव्हे. पण त्याचे कारण तपासले पाहिजे. सलग काँक्रीटच्या, काचेच्या भिंतीत भोक नसते, फट नसते, वळचण नसते. चिमणीच्या पिलांना पहिल्या दिवसांत दाणा चालत नाही, किडे-अळ्या लागतात, आणि फरशी घातलेल्या आवारात ते मिळत नाहीत. मनोऱ्याला दोष देणाऱ्या कवितेत या दोन साध्या कारणांना जागा नसते, कारण त्यांत दोष कवीच्या स्वतःच्या सदनिकेवर येतो. आमचे धाब्याचे घर २००८ साली पाडून स्लॅबचे झाले. त्या निर्णयात मीही होतो. घर गळत होते, आजी थकली होती आणि माझ्या बहिणीचे लग्न ठरले होते. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) निरीक्षण ही ललित गद्याची सामग्री ठरवली, त्याला आता सत्तर वर्षे होत आली. तरीही आपल्या चिमणीकवितेत निरीक्षण दुर्मिळ आणि उसासा मुबलक आहे, हे खटकते.

गेल्या ऑगस्टमध्ये त्या विद्यार्थ्याच्या शेतावर आम्ही बारा जण गेलो. विहिरीवरच्या बाभळीला एकोणीस खोपे होते, त्यांपैकी सात अर्धवट. मुलांच्या हाती कवितेची छायांकित प्रत होती, परंतु अर्धा तास ती कोणी उघडली नाही. एक मादी एका अर्ध्या खोप्याच्या कडेवर येऊन बसली, आत डोकावली आणि उडून गेली. नर पंख फडफडवत तसाच राहिला. "नापास," कोणीतरी म्हणाले. विद्यार्थ्याची आई विहिरीवर कपडे धूत होती. तिने वर न पाहताच सांगितले की हा गेल्या वर्षीही असाच राहिला होता, त्याची वीण सैल असते. तो गेल्या वर्षीचाच नर कशावरून, असे मी विचारले. "फांदी तीच धरतो ना सर," ती म्हणाली आणि कपडे पिळू लागली.